नागपूरहून ट्रेलर घेऊन निघताय? सोलर असं निवडा

पेंच, ताडोबा, नागझिऱ्याच्या बाजूला कॅम्पिंग ट्रेलर घेऊन जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पॅनल किती वॅटचं घेऊ? खरं तर हा प्रश्न तिसरा आहे. आधी वापर, मग बॅटरी, त्यानंतर पॅनल आणि शेवटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारं यंत्र) आणि वायर. दुकानात जाण्याआधी हा क्रम कागदावर उतरवला की निम्मी खरेदी तिथेच ठरते.

आपल्या भागाची अडचण उन्हाच्या कमतरतेची नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या ट्रेलरमध्ये दुपारी बसवत नाही. म्हणजे ट्रेलर सावलीत हवा आणि पॅनल उन्हात. पुढची जवळजवळ प्रत्येक निवड या एका गोष्टीवरून ठरते.

१. रोजचा वापर लिहून काढा

प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले तास. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटचा, दहा तास: ३०० वॅट-तास. पाच वॅटचे तीन एलईडी, पाच तास: ७५. दोन मोबाइल: ३०. लॅपटॉप ६० वॅट, दोन तास: १२०. पाण्याचा छोटा पंप दिवसातून दहा मिनिटं: जेमतेम १०. उरला फ्रिज. बारा व्होल्टचा ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज हिवाळ्यात साधारण अर्धा वेळ चालतो, म्हणजे ५४०. मे महिन्यात कॉम्प्रेसरला उसंत कमी मिळते, तेव्हा ७०० धरा. एकूण उन्हाळ्यात साडेबाराशेच्या आसपास, फ्रिज नसेल तर साडेपाचशेच्या आत.

आता कुलर. नागपूरकराला उन्हाळ्यात कुलरशिवाय झोप लागत नाही हे मान्य, पण घरचा कुलर १५० ते २०० वॅट खातो. आठ तासांचे १,२०० ते १,६०० वॅट-तास, म्हणजे वरच्या सगळ्या यादीएवढा किंवा जास्त. शिवाय पाण्याची टाकी लागते ती वेगळीच. कुलर हवाच असेल तर बारा व्होल्टवर चालणारा छोटा घ्या, त्याच्या प्लेटवरचे वॅट यादीत लिहा आणि मगच पुढे जा. एसीचा विचार या लेखात करत नाही. तो चालवायचा तर बॅटरीची किंमत आणि वजन दोन्ही आवाक्याबाहेर जातं.

२. बॅटरी: इथे काटकसर करू नका

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ट्रेलरमध्ये टाकायचा मोह होतो. ती जड असते, टिकवायची तर निम्मीच वापरता येते, ॲसिड सांडण्याची भीती असते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. जिथे मुलंबाळं झोपतात तिथे ती मुळीच नको. लिथियम फेरो फॉस्फेट, दुकानदारांच्या भाषेत एलएफपी, ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते आणि वजनाला हलकी.

१२.८ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एलएफपी बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात, हाताशी येतात साधारण हजार. फ्रिज नसेल तर एवढ्यात जवळजवळ दोन दिवस निघतात. फ्रिज असेल तर २०० एएच घ्या. ढगाळ दिवस आला तरी दीड दिवस ओढते.

पण उष्णता लिथियमलाही सोसत नाही. पुष्कळ बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. ती ओलांडली की आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, चार्जिंगच बंद करतं. भर दुपारी, पॅनल जोमात असताना, बॅटरी काहीच घेत नाही असं दिसलं तर आधी तिला हात लावून बघा. बॅटरीची जागा खालच्या बाजूला, सीटखाली, हवा खेळेल अशी ठेवा. उन्हात तापणाऱ्या पत्र्याला ती टेकू देऊ नका. विकत घेताना चार्जिंगचं कमाल तापमान लेखी मागा.

३. पॅनल किती आणि कुठे

विदर्भात स्वच्छ दिवसाचं सगळं ऊन मिळून पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकं धरणं रास्त आहे. पॅनलवरचे वॅट मात्र २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मेच्या दुपारी पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतं आणि तेवढ्यानेच १५ टक्क्यांच्या आसपास वीज कमी होते. धूळ, वायर, कंट्रोलर यांची घट धरून ६५ टक्केच हाती येतील असं समजा. १,२५० भागिले ५, भागिले ०.६५: साधारण ३८५. म्हणजे २०० वॅटची दोन पॅनलं.

छपरावर पक्की बसवायची की जमिनीवर मांडायची? माझं मत स्पष्ट आहे: इथल्या उन्हाळ्यासाठी जमिनीवर मांडायची घडीची किंवा स्टँडची पॅनलं. ट्रेलर आंब्याखाली, मोहाखाली लावा आणि पॅनल दहा मीटरवर उघड्यावर ठेवा. छपरावरच्या पॅनलवर एक फांदी आली तरी किती फरक पडतो ते बघायचं असेल तर मीटर समोर ठेवून पॅनलच्या एका कोपऱ्यावर पुठ्ठा धरा. झाकलेला भाग छोटा असतो, आकडा मात्र एक तृतीयांशाने किंवा जास्तही खाली येतो.

हिवाळ्यात आणखी एक फायदा. डिसेंबरमध्ये दुपारी बारालाही सूर्य नागपुरात क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. आडवं पडलेलं पॅनल तेव्हा सरळ उन्हाचा तीस टक्के वाटा गमावतं. दक्षिणेकडे तोंड करून तिरकं उभं केलं की तो परत मिळतो.

४. कंट्रोलर आणि वायर

एमपीपीटी कंट्रोलरच घ्या, तो पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. ४०० वॅटला बारा व्होल्टच्या बॅटरीवर ३० अँपिअरचा पुरतो.

दहा मीटर लांब वायरमुळे जोडणीचा प्रश्न येतो. दोन्ही पॅनलं पॅरललमध्ये जोडली तर २२ अँपिअर वाहतात आणि ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये बाराएक टक्के वीज वाटेतच जाते. तीच सीरिजमध्ये जोडली तर करंट अर्धा, व्होल्टेज दुप्पट आणि घट तीन टक्क्यांवर येते. मोकळ्या उन्हात मांडलेल्या पॅनलसाठी सीरिजच बरी. फक्त दोघांचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता पॅनल देतं ते) मिळून कंट्रोलरच्या मर्यादेच्या बरंच आत हवं, कारण थंडीच्या सकाळी ते वाढतं. घराच्या गच्चीवरची ५४० वॅटची मोठी पॅनलं स्वस्त पडतात म्हणून कुणी दोन घेतली, तर त्यांचं मिळून १०० व्होल्टच्या आसपास जातं आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर जळू शकतो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. वायरच्या टोकाला लग्स (धातूच्या टोप्या) दाबून क्रिम्प करून घ्या, नुसती पिळलेली वायर चालणार नाही. इन्व्हर्टर शक्यतो लहान आणि प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) घ्या. पंखा, दिवे, फ्रिज थेट बारा व्होल्टवर चालवा. इंडक्शन शेगडी विसरा, १,५०० वॅटला बॅटरीतून १४० अँपिअर ओढले जातात, स्वयंपाक गॅसवर.

५. पावसाळ्याची सोय गाडीतून

पावसाळ्यात जंगलातले कोअर भाग पर्यटनाला बंद असतात, तेव्हा बरेच जण चिखलदऱ्याला जातात. तिथल्या धुक्यात पॅनलच्या भरवशावर राहू नका. गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावा. चार तासांच्या प्रवासात तो ८० एएच भरतो, म्हणजे हजार वॅट-तासांच्या आसपास. एवढ्यात साधारण एक दिवस निघतो.

६. निघण्याआधी गच्चीवर

सगळं जोडून दोन दिवस घराच्या गच्चीवर किंवा अंगणात चालवा. फ्रिज भरलेला, पंखा रात्रभर सुरू. सकाळी बॅटरी किती टक्क्यांवर आहे आणि दुपारी किती वाजता पूर्ण भरते ते लिहून ठेवा. दुपारी दोनच्या आत भरत असेल तर संच पुरेसा आहे. संध्याकाळपर्यंत भरतच नसेल तर आणखी पॅनल घेण्याआधी वायरचे जोड तपासा. जो जोड हाताला गरम लागतो, तिथे वीज वाया जाते आहे.