खोरोगला नोकरीसाठी जाताय? या चुका टाळा

विकास संस्थेच्या कामावर किंवा विद्यापीठात शिकवायला पामिरच्या डोंगराळ भागात निघालेल्या पुणेकराची तयारी थंडीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. थर्मल, जाकीट, बूट आणि आईने बॅगेत कोंबलेलं मेतकूट. थंडीचं एवढं मनावर घेऊ नका, लोकरीचे जाड पायमोजे तिथल्या बाजारातही मिळतात. ताजिकिस्तानातलं खोरोग सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे आणि पंज नदी ओलांडली की अफगाणिस्तान. तिथे खरी पंचाईत होते ती रस्ता, इंटरनेट आणि पैसे एकदम बंद पडले की.

“नेट गेलं तर दोन दिवसांत येईल”

नोव्हेंबर 2021 मध्ये निदर्शनं झाली आणि खोरोग ज्यात येतं त्या गोर्नो-बदख्शान प्रांताचं इंटरनेट बंद झालं. ते परत यायला मार्च 2022 उजाडला. जुलै 2012 च्या लष्करी कारवाईत तर फोनही बंद होते. अशा वेळी पुण्यातल्या बँकेचा ओटीपी येणार कुठे? घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता हे सगळं निघण्याआधीच ऑटो-डेबिटवर टाका. परदेशात नोकरी घेतली की साधं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयांच्या खात्यात) बदलून घ्यावं लागतं, तेही त्याच फेरीत उरका.

मुखत्यारपत्राचं मात्र हमखास राहून जातं. पुण्यात असताना स्टँप पेपर आणि नोटरी हे एका सकाळचं काम आहे. खोरोगला पोचल्यावर तेच करायचं तर साक्षांकनासाठी राजधानी दुशान्बेतला भारतीय दूतावास गाठायचा, म्हणजे घाटाच्या रस्त्याने निदान एक अख्खा दिवस गाडीत. बँक आणि घर यांपुरतं मर्यादित मुखत्यारपत्र भावाच्या किंवा बहिणीच्या नावे करून ठेवा. सरसकट सगळे अधिकार देऊ नका, पुढे भांडणं होतात.

यूपीआय तिथे नाही, एटीएमचाही भरवसा धरू नये. दुशान्बेपर्यंतची गाडी आणि आठवडाभराचा मुक्काम निघेल एवढे डॉलर वेगळे ठेवा. नोटा नव्या, करकरीत हव्यात, डाग पडलेली किंवा फाटकी नोट घ्यायला लोक नाखूश असतात.

रोजच्या व्हिडिओ कॉलची सवय

ताजिकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. म्हणून पहिल्या आठवड्यापासून रात्री साडेनऊचा कॉल ठरून जातो, आणि तो एक दिवस आला नाही की घरचे रात्रभर जागे. त्यापेक्षा निघतानाच घरी सांगून ठेवा की कॉल रोज येणार नाही. नेट गेलं तर संस्थेच्या दुशान्बे कार्यालयातून कोण फोन करेल, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर आईवडिलांच्या वहीत लिहून ठेवा. हो, वहीतच. दूतावासाकडेही नावनोंदणी करा.

“मी दर रविवारी सिंहगड चढतो”

चांगलं आहे, पण विरळ हवेत त्याचा उपयोग नाही. सिंहगड 1,300 मीटरच्या आसपास. खोरोगहून पामिर महामार्गाने मुर्गाबला जाताना खिंड 4,200 मीटरच्या वर जाते आणि मुक्काम 3,600 मीटरवर पडतो. एका दिवसात हे करणारे तंदुरुस्त लोकही डोकेदुखी आणि उलट्यांनी आडवे होतात. वाटेत एक मुक्काम करा. त्रास वाढला तर वाट न बघता खाली उतरा. गोळ्या घ्यायच्या असतील तर पुण्यातल्या डॉक्टरांना विचारूनच.

रस्त्याचंही गृहीत धरू नका. जुलै 2015 मध्ये बारसेमजवळ चिखल-दगडांच्या लोंढ्याने गुंट नदी अडवली आणि हाच महामार्ग पाण्याखाली गेला. फेब्रुवारी 2023 मध्ये हिमकडे कोसळून खोरोग परिसरात माणसं दगावली. विमानाची भिस्त हवामानावर. त्यामुळे मुंबईचं परतीचं तिकीट खोरोग सोडण्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढणं म्हणजे पैसे पाण्यात.

परवाना, विमा आणि आपली मतं

या प्रांतासाठी व्हिसाखेरीज वेगळा परवाना लागतो. गडबड सुरू झाली की परदेशी लोकांना प्रवेश बंद केला गेल्याचं याआधी घडलेलं आहे, तेव्हा मुदत संपायची वाट पाहू नका. झेरॉक्स भरपूर ठेवा, चौक्यांवर द्याव्या लागतात. आजारी पडलात तर तिथून बाहेर काढण्याचा खर्च विम्यात असतो, दंगल झाली तर बहुधा नसतो. तो मुद्दा लेखी विचारा. आणि चौकात उभं राहून सरकारबद्दल मत देण्याची आपली पुणेरी हौस तिथे आवरा. मे 2022 मध्येही या प्रांतात रक्त सांडलंय. तुम्ही निघून याल, बोलणारा शेजारी तिथेच राहणार आहे. चौक्यांचे, सैनिकांचे फोटोही नकोत.

सॅटेलाइट फोन

नेट जातं म्हणून कुणीतरी हा सल्ला देतंच. स्वतः विकत घेऊ नका. ताजिकिस्तानातला नियम संस्थेला विचारायला लावा आणि उपकरण संस्थेच्याच नावावर असू द्या. सुट्टीवर येताना ते बॅगेत राहिलं तर पंचाईत, कारण परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियम फोन भारतात आणता येत नाही आणि विमानतळावर लोक पकडले गेले आहेत. ट्रेकिंगवाल्यांची उपग्रहावर संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही त्यात सापडली आहेत. निघण्याआधी दुशान्बे कार्यालयात जमा करा आणि पावती घ्या.