दारातून आत आलेला माणूस तिसऱ्या रविवारीही यावा म्हणून

ठाणे-नवी मुंबईतली ऐरोली, घणसोली, माजिवडा, घोडबंदर रोड. यातल्या कुठल्याही भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारी मागच्या बाकावर दोन-चार अनोळखी चेहरे असतातच. संगमनेरहून बदली होऊन आलेलं जोडपं, वसईहून लग्न होऊन आलेली मुलगी, झारखंडहून घरकामाला आलेल्या दोघी, आयटी पार्कात नुकता लागलेला पोरगा. त्यातले बरेच जण काही आठवड्यांनी दिसेनासे होतात. त्यांना कुणी हाकललेलं नसतं. एकतर कुणी काही विचारलेलं नसतं, नाहीतर नको ते विचारलेलं असतं.

आधी एक गैरसमज काढून टाका. 'भाड्याने राहतात, अकरा महिन्यांनी जातील, त्यांची नोंद कशाला?' हे चर्चच्या कायद्यालाच धरून नाही. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतल्या (कायद्याच्या पुस्तकातल्या) कलम 102 प्रमाणे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्राच्या, हद्दीत निदान तीन महिने राहायचा इरादा असला, की माणूस तिथे राहायला आल्या दिवसापासून त्या पॅरिशचा. अकरा महिन्यांचा करारवाला तर पुरेपूर बसतो. ओनरशिपचा फ्लॅट ही अट कुठेच नाही.

दारात स्वागताला प्रत्येक मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) दोघं स्वयंसेवक हवेत: एक बाई, एक पुरुष, आणि त्यांतल्या एकाला तरी मराठी-हिंदी सफाईने बोलता यावी. मिस्सेआधी पंधरा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं, एवढीच ड्युटी. महिन्यातून एकदाच पाळी येईल इतकी नावं यादीत ठेवा. दर रविवारी तीच जोडी उभी राहिली की दोन महिन्यांत कंटाळते आणि दारात आपसातच गप्पा मारू लागते. हाऊजीची (तंबोल्याची) तिकिटं विकणारा माणूस मात्र दारात नको. पहिल्याच दिवशी खिशात हात घालायला लावलं, तर पुढचं सगळं स्वागत त्या तिकिटाच्या हिशेबात जातं.

दारात बोलायचं ते थोडकं. 'या, नमस्कार. मराठीचा कागद देऊ का?' मिस्सेत लोकांनी म्हणायच्या प्रतिसादांचा आणि गीतांचा कागद 16 पॉइंटच्या अक्षरात छापा, कारण आपल्याकडे चष्मा घरी विसरून येणारे पुष्कळ. कुठे बसायचं ते सांगू नका, फक्त जागा दाखवा. 'ही आमची सीट' म्हणून रुमाल टाकून ठेवायची सवय ज्या घरांना आहे, त्यांच्याशी फादरांनीच एकदा बोलून घ्यावं. दारातल्या माणसाने बोललं तर भांडण होतं.

आता खरा अवघड भाग. 'मूळचे कुठले? आडनाव काय?' हे आपण आपुलकीनेच विचारतो, पण समोरच्याला त्यातून दोन गोष्टी ऐकू येतात: तुमची जात कोणती आणि तुम्ही 'खरे' कॅथलिक का. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती माणसाला नाही. त्यामुळे काही घरांत कागदावर एक आणि प्रार्थनेत दुसरं, अशी तारेवरची कसरत चालू असते. कुणी घरमालकाला धर्म सांगितलेला नसतो. म्हणून माइकवरून 'आज नवीन आलेले उभे राहा' हा प्रकार पूर्ण बंद करा. टाळ्या वाजतात, आणि तो माणूस पुढच्या वेळी मिस्सा संपायच्या आत निघून जातो.

मग विचारायचं काय? 'यायला त्रास नाही ना झाला, आज मेगाब्लॉक होता का?' 'कोणत्या भाषेतली मिस्सा सोयीची पडते?' अशा प्रश्नांची उत्तरं देताना कुणाला काही लपवावं लागत नाही. दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र आल्या तर 'रूममेट का?' हेही नको. नाव ते सांगतील तेच, आणि ट्रान्स व्यक्ती स्वतःचं जे नाव सांगेल तेच वापरा. व्हॅटिकनच्या सिद्धांत विभागाने 2023 मध्येच स्पष्ट केलंय की ट्रान्स व्यक्तीला बाप्तिस्मा घेता येतो. तेव्हा दारातल्या स्वयंसेवकाने त्याहून कडक होण्याचं कारण नाही.

ख्रिस्तप्रसादाच्या (कम्युनियनच्या) वेळी सगळ्यात जास्त घोळ होतो. नवीन माणूस रांगेबरोबर उठतो आणि पुढे काय करायचं त्याला कळत नाही. कॅथलिक नसेल किंवा अजून तयारी नसेल, तर हात छातीवर फुलीसारखे ठेवून पुढे जायचं, आशीर्वाद मिळतो, हे प्रतिसादाच्या कागदावर ठळक छापा आणि फादरांना आधी सांगून ठेवा. वेदीपुढे चौकशी करू नये. घटस्फोट झालाय म्हणून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, ही समजूत घट्ट बसलेली असते आणि ती चुकीची आहे. नुसत्या घटस्फोटाने बंदी येत नाही. पुन्हा सिव्हिल लग्न केलं असेल तर ती गोष्ट फादरांशी एकांतात बोलायची. ज्यांना गव्हाचं ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी कमी ग्लुटेनची होस्ट (ख्रिस्तप्रसादाची पातळ भाकर) चालते, ग्लुटेन पूर्ण काढलेली चालत नाही. त्रास फारच असेल तर फक्त द्राक्षारसाचा प्याला, आणि तोही असा वेगळा की ज्यात होस्टचा तुकडा पडलेला नाही.

व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण 1:12. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीला 180 सेंटिमीटर लांब उतार लागतो. सुतार 'एवढा कशाला' म्हणून छोटा करून देतो आणि खुर्ची मागे घसरते. आत एका बाकाचं टोक कापून 90 बाय 120 सेंटिमीटर जागा मोकळी करा, तीही मध्यावर. खांबामागे कोपऱ्यात नको.

मिस्सेनंतर चहा. चाळीस जणांना अर्धा कप धरून अडीच लिटर दूध, दोन लिटर पाणी, 80 ग्रॅम चहापत्ती, 300 ग्रॅम साखर. एक थर्मास बिनसाखरेचा. खायला काही ठेवलं तर पोर्कच्या पदार्थाचा चमचा वेगळा आणि शाकाहारी ताट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. कप हातात आला की माणूस पाच मिनिटं तरी थांबतो. ओळख होते ती या पाच मिनिटांत, दारात नाही.

नोंदणीचा फॉर्म पहिल्या दिवशी पुढे करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी द्या, आणि तोही एका पानाचा: नाव, फोन, राहण्याचा भाग, मिस्सेची भाषा, घरात कोण कोण राहतं. 'पतीचे नाव' हा रकाना काढून टाका; एकट्या आईला तोच टोचतो. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये विचारल्याशिवाय टाकायचं नाही. पहिल्या आठवड्यात फक्त एक फोन, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान. घरी जायचं तर आधी विचारून, आणि दोघांनीच. सहा जणांचा ताफा सोसायटीच्या गेटवर 'चर्चमधून आलोय' म्हणून वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नावं लिहितो, तेव्हा त्या कुटुंबाची गुप्तता आपणच मोडलेली असते.

साधारण महिन्याने एक बारीकसं काम द्या: कागद वाटणं, चहाचे कप भरणं, एखादं वाचन. कमिटीत घेण्याची घाई मात्र नको.

कुणी संगमनेरचा किंवा नगरचा माणूस बोलता बोलता कळलं की प्रोटेस्टंट आहे आणि त्याला त्याच परंपरेतली उपासना हवी आहे, तर ठाण्यात 1825 पासून उभ्या असलेल्या प्रोटेस्टंट सेंट जेम्स चर्चचा रस्ता सांगा. तो आपल्याकडेच रमला तर उत्तमच.

आणि कुणी खोली बदलून कल्याणला किंवा पनवेलला चालला, तर नव्या पॅरिशच्या फादरांना द्यायला एक पत्र हातात द्या. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र जिथे बाप्तिस्मा झाला तिथूनच मिळतो, कारण दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्नाच्या नोंदी त्याच रजिस्टरात होतात. लग्नासाठी साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. हे आधीच सांगून ठेवलं, तर लग्न ठरल्यावर गावी धावपळ होत नाही.