होडीच्या ट्रेलरचे दिवे बदलताना: आधी अर्थ, मग दिवा

होडीच्या ट्रेलरचा दिवा लागेनासा झाला की लगेच नवा दिवा आणू नका. दोष बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीत किंवा जोडात असतो. उजवा इंडिकेटर दिल्यावर दोन्हीकडचे दिवे मिणमिणू लागले किंवा ब्रेक दाबताच टेल लाइट मंदावला, तर करंटला परतीची वाट मिळत नाहीये आणि तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून निसटतोय. पण अर्थ शोधत बसण्याआधी गाडीच्या सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प (वीज येते का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून पाहा. तिथेच वीज येत नसेल तर ट्रेलर खोलण्यात अर्थ नाही. (इथे दुसरा अर्थ!)

नवे दिवे पूर्ण सीलबंद एलईडी घ्या. साध्या दिव्याचा बल्ब तापलेला असतो. तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि रबरी गॅस्केटच्या फटीतून पाणी ओढून घेते; कधी काचही तडकते. जोडीतल्या एकाच दिव्याला खालून पारदर्शक खिडकी असते, तिचा उजेड नंबर प्लेटवर पडतो. तो दिवा प्लेटच्याच बाजूला बसवायचा.

दिवे बदलतोच आहोत तर वायरही बदला. कलई केलेल्या तांब्याची वायर घ्या: दिव्यांना 1.5 चौरस मिमी, अर्थला 2.5. साधं तांबं ओलसर हवेत आतल्या आत काळं पडतं. अर्थसाठी चासीवर (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावर) विसंबू नका. गंज, बिजागरी आणि बोल्टचे सांधे यांतून करंट नीट परतत नाही, म्हणून प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र अर्थ वायर न्या. दिव्याचा बोल्टच अर्थचं काम करत असेल, तर त्याच बोल्टवर रिंग टर्मिनल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून ती वायर जोडा.

जुनी वायर उपटून टाकू नका, तिच्या टोकाला नवी वायर आणि एक मजबूत दोरी टेपने बांधून पलीकडून ओढा. दोरी आतच राहू द्या, पुढच्या वेळी कामाला येते. चासीच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (कडा झाकणारी कडी) हवाच, नाहीतर धारदार कडेवर इन्सुलेशन घासून शॉर्ट होतं. पुढे प्लगजवळ वळणापुरती ढील ठेवा, पण वायर जमिनीला टेकता कामा नये.

रंग: चार पिनांच्या चपट्या अमेरिकी प्लगमध्ये पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावा ब्रेक-इंडिकेटर, हिरवी उजवा. सात पिनांच्या गोल युरोपीय प्लगमध्ये ब्रेकची लाल वायर वेगळी असते. जुन्या ट्रेलरवर आधी कोणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येक वायर तपासूनच जोडा.

इन्सुलेशनला भोक पाडून बसणारे झटपट कनेक्टर इथे अजिबात वापरू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि तारेच्या आतून पुढे सरकत जातं. आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) आधी वायरवर ओवा, मग जोड क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करा. हीट गनने मधून कडेकडे तापवा. दोन्ही टोकांना गोंद डोकावला की जोड बंद झाला. लायटरने स्लीव्ह करपते.

दिवे स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉनच्या लॉक नटने बसवा. फार आवळाल तर प्लॅस्टिक तडकेल.

गाडीला जोडण्याआधी 12 व्होल्टच्या बॅटरीवर चाचणी घ्या: अर्थ वायर निगेटिव्हला, आणि 5 अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून एकेका वायरला पॉझिटिव्ह. मग गाडीला जोडून टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम चालू करा, कारण एकाच दिव्याच्या भाराखाली कमकुवत अर्थ उघडा पडत नाही. तेव्हा दिव्याची अर्थ आणि गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्ह यांमध्ये मल्टिमीटरने अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर वाटेत कुठला तरी जोड कच्चा आहे.

इंडिकेटर भराभर लुकलुकला तर घाबरू नका. एलईडी करंट कमी घेतो, त्यामुळे गाडीच्या जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला) बल्ब गेल्यासारखा वाटतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा. त्याऐवजी लोड रेझिस्टर (जादा करंट खेचून बल्बचा भास देणारा भाग) लावलात तर तो खूप तापतो, तेव्हा तो धातूवर बसवा, प्लॅस्टिकवर नको.

प्लगच्या पिनांना डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा आणि ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा, दिवे एलईडी असले तरी. वीज चालू असताना ओले जोड कितीतरी लवकर गंजतात. होडी वर आल्यावर प्लग पुन्हा जोडायला मात्र विसरू नका.