रॉकर सगळ्यात शेवटी: बुलेटच्या इंजिनासाठी व्हॉल्व्हट्रेनचे पार्ट कसे निवडावेत

नाशकात बुलेटचं इंजिन खोलून बसलेला कुणीही भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रॉकर कुठले टाकू?" टोकाला छोटं चाक असलेले, म्हणजे रोलरवाले चकचकीत रॉकर फोटोत देखणे दिसतात, त्यामुळे पैसेही आधी तिथेच जातात. मी मात्र रॉकर सगळ्यात शेवटी घेतो. कुठला हवा हे कॅम, स्प्रिंग आणि पुशरॉड मोजल्यावरच कळतं.

हा लेख जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर बेतलाय, कारण ती घरच्या अंगणात खोलता येते आणि सगळी साखळी डोळ्यांनी दिसते. या साखळीलाच व्हॉल्व्हट्रेन म्हणतात. फिरणारा, एका बाजूला फुगीर कॅम त्याच्यावर टेकलेल्या टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला. पुशरॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो आणि दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. बंद करायचं काम एकट्या स्प्रिंगचं. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत असलेल्या) इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, तिथे फट ऑइलच भरून काढतं. सेटिंगचा भाग सोडला तर बाकी गणित तेच.

१. आधी आरपीएम ठरवा

इंजिन किती फिरवणार, हे कागदावर लिहा. ३५० बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, म्हणून ३४६ सीसी. स्ट्रोक लांब असल्यामुळे ५,००० आरपीएमलाच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो, ६,०००ला १८. खाली क्रँक आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवून वर ७,०००ची तयारी करणं म्हणजे जुन्या वाड्यावर तिसरा मजला चढवणं.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. व्हॉल्व्हला उघडायला-मिटायला लागणारं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ५,०००वरून ६,०००वर गेलात तर वेग २० टक्क्यांनी वाढतो, बल मात्र ४४ टक्क्यांनी. ६,०००ला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडतो, तरंगतो आणि सीटवर आपटून उसळतो. वर ओढता ओढता इंजिन एकदम गुदमरल्यासारखं झालं की लोक कार्ब्युरेटर खोलतात, आणि दोष असतो स्प्रिंगचा.

आपल्यापैकी बहुतेकांना इगतपुरीकडे येताना कसारा घाट चौथ्या गिअरात ओढायचा असतो. त्याला मधल्या आरपीएमची ताकद लागते. तेवढंच लिहा आणि त्याला चिकटून राहा.

२. कॅम आणि रॉकरचा रेशो

कॅम जितका उचलतो त्याला रॉकरच्या रेशोने गुणलं की व्हॉल्व्हची लिफ्ट मिळते. समजा कॅमची उचल ७ मिमी आणि रेशो १.५, तर व्हॉल्व्ह १०.५ मिमी उघडेल (टॅपेटची फट असेल तर तेवढी वजा). रेशो १.६ केला तर ११.२ मिमी. कॅम न बदलता ०.७ मिमी मिळाले, म्हणून ही युक्ती लोकांना आवडते. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या इंजिनाचा रेशो डायल गेज आधी टॅपेटवर आणि मग व्हॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंगला वरून धरणाऱ्या चकतीवर) लावून स्वतः काढा. ढिली चाचणी-स्प्रिंग लावली की काम सोपं होतं. डब्यावर छापलेला रेशो आणि गेजवरचा रेशो नेहमी जुळतोच असं नाही.

रस्त्यावरच्या गाडीला लिफ्ट वाढवलेली चालते, पण व्हॉल्व्ह फार वेळ उघडा ठेवणारा कॅम नको. त्याने आयडलिंग बिघडतं आणि द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी सारखी बंद पडते.

३. स्प्रिंग: इथे वेळ घालवा

माझं पहिलं इंजिन मी स्प्रिंगवरच घालवलं. "जाड तेवढी चांगली" म्हणून मिळतील त्यातल्या सगळ्यात कडक स्प्रिंग टाकल्या, काही न मोजता. काही दिवसांनी त्र्यंबकहून परतताना टॅपेट वाजायला लागले. सेटिंग केलं, पुन्हा फट पडली. ऑइल काढलं तर त्यात चमकी. कॅमचं नाक आणि टॅपेटचा तळवा, दोन्ही खाल्ले गेले होते. दोष कुणाचा म्हणाल तर माझाच.

स्प्रिंगचे चार आकडे लागतात: बसवलेली उंची, त्या उंचीला दाब, पूर्ण उघडल्यावर दाब, आणि सगळे वेढे एकमेकांना टेकतात ती उंची. समजा बसवलेली उंची ४० मिमी आहे आणि वेढे २७.५ला टेकतात. १०.५ मिमी लिफ्टला स्प्रिंग २९.५पर्यंत दबेल, २ मिमी शिल्लक. ठीक. आता तोच १.६चा रॉकर लावा. स्प्रिंग २८.८पर्यंत दबते, उरतात १.३ मिमी. मी १.५च्या खाली जात नाही. म्हणजे नुसता रॉकर बदलला आणि चांगली स्प्रिंग बाद झाली. रॉकर शेवटी घ्या म्हणतो ते यासाठी.

कडक स्प्रिंगचा भार पुढेही जातो. व्हॉल्व्हवर ६० किलो असेल तर १.५च्या रॉकरने पुशरॉड आणि कॅमवर ९० किलो पडतो. लागेल तेवढाच दाब घ्यायचा, आणि त्याआधी व्हॉल्व्हकडचं वजन कमी करता येतंय का पाहायचं. हलका रिटेनर किंवा वर निमुळती होत जाणारी स्प्रिंग बसवली की कमी दाबात तेच आरपीएम गाठता येतात.

दाब मोजायला स्प्रिंग टेस्टर लागतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत विचारपूस केली तर मिळतो. मायको कारखान्याच्या (आताचं बॉश) या गावात मायक्रॉनमध्ये मोजण्यात हयात घालवलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, डिझेलचे नोझल केलेले हात आहेत ते. एखाद्या रिटायर्ड काकांकडे चहाला जा आणि मायक्रोमीटर नीट धरायला शिकून या. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींचा दाब ठरलेल्या आकड्याला आणायला स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती टाकतात. शिम टाकला की टेकायची जागा तेवढी कमी होते, तो हिशेब परत करा.

४. कोण कुणाला धडकतंय?

दोन ठिकाणं. पूर्ण लिफ्टला रिटेनरचा खालचा काठ आणि व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो त्या गाइडचं तोंड (सील असेल तर सील) यांत किमान १.५ मिमी हवेत.

दुसरं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह. मूळ पिस्टनला सहसा भरपूर जागा असते, पण कॉम्प्रेशन वाढवायला उंच डोक्याचा पिस्टन टाकला असेल तर तपासल्याशिवाय किक मारू नका. पिस्टनवर मुलांच्या खेळायच्या क्लेचा थर द्या, वरून तेलाचं बोट फिरवा, हेड गॅस्केटसकट कसा, टॅपेट सेट करा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून क्ले ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजा. इनलेटला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हे मी किमान मानतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापून जास्त लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त. हाताने फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका.

५. पुशरॉड

हेड घासून घेतलं, गॅस्केट बदललं, व्हॉल्व्ह सीट कापल्या, की जुन्या लांबीचा भरवसा धरू नका. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची काळी शाई लावा, इंजिन हाताने काही फेरे फिरवा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघा. खूण टोकाच्या मधोमध आणि अरुंद हवी. कडेला सरकलेली किंवा रुंद पसरलेली खूण म्हणजे रॉकर व्हॉल्व्हला बाजूला ढकलतोय, आणि त्याची किंमत गाइड मोजणार. नेमकी लांबी शोधायला कमी-जास्त करता येणारा चाचणी-पुशरॉड वापरा.

बुलेटचे मूळ पुशरॉड अ‍ॅल्युमिनियमचे, टोकं पोलादी. बरेच जण मजबुतीसाठी पूर्ण पोलादी टाकतात आणि सेटिंग मात्र जुनंच ठेवतात. २०० मिमीचा रॉड ८० अंशांनी तापला तर अ‍ॅल्युमिनियमचा साधारण ०.३७ मिमी वाढतो, पोलादी ०.१९. मूळ सेटिंगमध्ये थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वर-खाली खेळ नसावा, असं ठेवतात. रॉडचा धातू किंवा कॅम बदलला की तो देणाऱ्याने सांगितलेली फट धरा.

६. आता रॉकर

इथवर आलात की रेशो ठरलेला असतो आणि भारही माहीत असतो. उरतो धातू आणि टोक. फोर्ज केलेला पोलादी रॉकर रस्त्यावरच्या इंजिनाला उत्तम. नेमाने वाकत-सुटत राहिला तरी ठराविक ताणाखाली तो थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नसते, म्हणून रेसिंगवाले त्याला ठराविक काळाने बदलतात. रोलर टोकाने व्हॉल्व्हवरची घासण कमी होते, पण टोकाकडचं वजन वाढलं तर स्प्रिंगवर तेवढं ओझं.

बुलेटमध्ये रॉकर ज्या दोन तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये फिरतात ते आधी तपासा. ब्लॉक झिजलेला असेल तर नवा रॉकरही तसाच डुलणार. ऑइलची भोकं तारेने आणि हवेने साफ करा. बसवल्यावर रॉकर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि झाकण लावल्यावर आतून कुठे घासत नाही ना, तेही क्लेनेच बघा.

७. पहिली सुरुवात

नव्या कॅमसोबत जुने टॅपेट कधीही नको. कॅमला असेंब्ली पेस्ट (जोडणीच्या वेळी लावायचं घट्ट वंगण) लावा. पाण्याने थंड होणारी सपाट टॅपेटची इंजिनं सुरू होताच २,०००च्या वर २० मिनिटं चालवतात, कारण आयडलिंगला कॅमवर तेल कमी उडतं. बुलेट हवेवर थंड होते, ती जागेवर एवढा वेळ चालवली तर पिस्टन धरेल. समोर मोठा पंखा ठेवा, नाहीतर सुरू होताच भल्या पहाटे गंगापूर रोडने गिरणारेकडे निघा, थ्रॉटल कमी-जास्त करत. परत आलात की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, टॅपेटचं झाकण उघडा, पुशरॉड बोटांनी फिरवून बघा आणि ऑइल पांढऱ्या फडक्यावर गाळा. फडक्यावर बारीक राखाडी चिकटली तर तो नव्या भागांचा रुळण्याचा मळ. चमकणारे कण दिसले तर टायमिंग कव्हर (त्यामागेच कॅम असतात) त्याच दिवशी उघडा.