गॅस गीझर असलेल्या घरात हवा खेळती कशी ठेवावी

दिवाळीच्या पहाटे उटणं लागतं आणि घरातले चार-पाच जण एकामागून एक आंघोळीला जातात. परभणी, हिंगोली, नांदेडकडे थंडी पडली की हाच क्रम जानेवारीअखेरपर्यंत रोज चालतो. चार बाय सहाची बाथरूम, वारा येऊ नये म्हणून झरोक्याच्या काचपट्ट्यांवर लावलेला पुठ्ठा, दाराच्या फटीला लोटलेलं पायपुसणं आणि भिंतीवर गॅस गीझर. पहिल्या माणसाला काही जाणवत नाही. तिसरा-चौथा आत जातो तेव्हा तिथली हवा पहिल्याची उरलेली असते. अपघात होतात ते इथे.

त्यामुळे आधी हवेचा हिशेब समजून घ्या.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा नेहमीचा गीझर थंडीत साधारण १२ किलोवॉटने जळतो. शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्यासारखंच ते. त्याला मिनिटाला सुमारे १५ ग्रॅम गॅस लागतो आणि तेवढा गॅस नीट जाळायला १८० ते १९० लिटर हवा. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून साधारण ५,४०० लिटर हवा असते. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर तीनेक मिनिटांतच प्राणवायू २१ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या खाली येतो. मग ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण जळल्यानंतर निघणाऱ्या या वायूला तो नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. घरचे म्हणतात पित्त झालं असेल. आतल्या माणसाला कडीपर्यंत हात नेण्याची ताकदही उरत नाही.

गीझर बाथरूमच्या बाहेर काढा

सगळ्यात पक्का उपाय हाच, आणि बाकीच्या खर्चाआधी याचाच विचार करावा. गीझर बाथरूमलगतच्या उघड्या भिंतीवर, गच्चीवर किंवा मोकळ्या धुण्याच्या जागेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यायचा. बहुतेक गीझरच्या माहितीपुस्तिकेतही बाथरूममध्ये बसवू नका असंच लिहिलेलं असतं. बसवणारे मात्र पाइप वाचवायला आतच ठोकून जातात.

"लांबून आणलं तर पाणी गार होतं" असं मिस्त्री सांगतो. गरम पाणी सोसणाऱ्या अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपच्या पंधरा फुटांत जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पाणी मावतं. म्हणजे सुरुवातीची सहा-सात सेकंदं गार पाणी येईल, एवढंच. पाइप उघड्या भिंतीवरून जात असेल तर त्यावर फोमची नळी चढवा. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप वापरू नका, तो मऊ पडतो.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. गीझरच्या वर किंवा बाजूला तीन फुटांच्या आत कोणाची खिडकी, झरोका नको. अपार्टमेंटच्या बंदिस्त डक्टमध्ये तर मुळीच नको, कारण वरच्या मजल्यांच्या बाथरूमचे झरोके तिथेच उघडतात आणि तुमचा धूर त्यांच्या घरात जातो. पावसासाठी वर पत्रा हवा, पण बाजू मोकळ्या ठेवा. चहूबाजूंनी पत्र्याचं खोकं केलं, की गीझर पुन्हा बंद खोलीतच गेला. सिलिंडर सरळ उभा, जमिनीच्या पातळीवर आणि गटाराच्या तोंडापासून दूर असावा. रबरी नळी आयएसआय चिन्हाची, तारेची जाळी असलेली नारिंगी घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदला.

धुण्याची जागा काचेने बंद केली असेल तर

संभाजीनगर, लातूरच्या नव्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला सरकत्या काचा बसवून घेतात आणि आधी मोकळ्यावर असलेला गीझर आपोआप खोलीत येतो. अशा ठिकाणी दोन कायमची भोकं हवीत, दोन्ही थेट बाहेर उघडणारी. एक जमिनीपासून फूटभराच्या आत, दुसरं छतापासून फूटभराच्या आत. खालून ताजी हवा येते, वरून गरम धूर जातो. एकच मोठं भोक ठेवून हे होत नाही, कारण बाहेर जाणारी आणि आत येणारी हवा एकाच वाटेवर अडते. खालच्या भोकाचा दुसराही उपयोग आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असल्याने गळती झालीच तर तो फरशीलगत साठतो, आणि निघायला त्याला तीच वाट असते.

माप किमान १० बाय १० इंच धरा. हे मोकळ्या जागेचं माप आहे. वर झडप-पट्ट्यांची जाळी बसवली की हवेला निम्मी-पाऊणच जागा उरते, म्हणून भोक तेवढं वाढवा, १४ बाय १५ इंच करा. डासांची बारीक जाळी लावू नका. आपल्याकडे मार्च ते जूनच्या धुळीत ती महिना-दोन महिन्यांत बुजते आणि बाहेरून बघितलं तर उघडीच दिसते. पाव इंचाहून मोठ्या छिद्रांची जाळी घ्या. झडप उघडझाप करणारी नको, कारण डिसेंबरात कोणीतरी ती बंद करणारच.

चिमणीचा गीझर आणि एक्झॉस्ट फॅन

धुराचा पाइप असलेला गीझर बरा, पण पाइप खरोखर बाहेर निघाला पाहिजे. तो फॉल्स सीलिंगच्या वर सोडून दिलेला असला तर धूर घरातच फिरतो. पाइपचा व्यास गीझरच्या तोंडाएवढाच ठेवा. वळणं एक किंवा दोन, त्याहून जास्त नको. आडव्या भागाचा उतार पुस्तिकेत सांगितला असेल तसाच द्या. पंख्याने धूर बाहेर फेकणारे गीझरही ज्वलनाची हवा खोलीतूनच घेतात, त्यामुळे तिथेही हवा यायची वाट लागतेच.

एक्झॉस्ट फॅनने प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फॅन हवा बाहेर ओढतो. आत यायला वाट नसेल तर खोलीत ओढ निर्माण होते आणि ती हवा गीझरच्या धुराच्या पाइपातून उलटी आत येते. धूर बाहेर जायच्या वाटेनेच परततो. शिवाय पहाटे वीज गेली की फॅन बंद, पण गीझर सेलवर चालतच राहतो. फॅन लावायचाच असेल तर खाली ताज्या हवेचं भोक आधी पाडा, फॅन नंतर.

उदबत्तीने तपासणी

दार बंद करून गीझर पाच मिनिटं चालवा आणि तुम्ही बाहेर थांबा. मग दार जेमतेम उघडून आत या आणि पेटती उदबत्ती खालच्या भोकाशी धरा. धूर खोलीकडे ओढला गेला पाहिजे. वरच्या भोकाशी तो बाहेर जायला हवा. चिमणीच्या गीझरला उदबत्ती वरच्या तोंडाजवळ फिरवा, धूर आत शोषला जातो का पाहा. तो उलटा तुमच्या तोंडावर आला तर गीझर तत्काळ बंद करा. घरातले सगळे पंखे लावून हीच तपासणी पुन्हा करा. गॅसचा वास येत असेल तर मात्र काडी पेटवायची नाही, रेग्युलेटर बंद करून १९०६ वर फोन करायचा.

ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत, गीझरच्या अंगावर काजळी किंवा धुराने काळी पडलेली भिंत दिसली तर ज्वलन बिघडलं आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: ज्योत निळी दिसते म्हणून विष नाही, असं म्हणता येत नाही.

दिवाळीआधी दरवर्षी सर्व्हिसिंग करून घ्या. बर्नरच्या जेटमध्ये धूळ आणि कोळ्याची जाळी बसते, तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी धरते आणि धुराची वाट अरुंद होते. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर कॉइलमध्ये थर जमतो, पाण्याची धार बारीक होते आणि तेवढंच पाणी तापवायला गीझर जास्त वेळ जळतो. मेकॅनिककडून क्षार आणि काजळी दोन्ही काढून घ्या.

बदल होईपर्यंत

गीझर आतच असेल आणि भिंत फोडायला महिना लागणार असेल, तर शॉवर आजपासून बंद. दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गीझर आणि रेग्युलेटर बंद करा, दहा मिनिटं दार उघडंच राहू द्या, मग आंघोळ करा. प्रत्येक माणसासाठी हेच पुन्हा. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण नळ बंद करून उघडला की ती वेळ पहिल्यापासून मोजली जाते. त्यामुळे चार जणांच्या सलग आंघोळींना त्या सोयीचा उपयोग नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना अशा बाथरूममध्ये गीझर चालू असताना पाठवूच नका, पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो. आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप बसवा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेतलात तर तो बाथरूमच्या वाफेत न लावता दाराबाहेर, डोक्याच्या उंचीवर लावा. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा असतो आणि तो खाली, फरशीजवळ लागतो. एकाचं काम दुसरा करत नाही.

बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी आणि धुरी देतात, त्यालाही हाच नियम. निखाऱ्यांतून हाच वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा, आणि शेक झाला की शेगडी लगेच खोलीबाहेर न्या.

आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट पाहू नका. रेग्युलेटर बंद करा, दार तोडा, श्वास रोखून आत जा आणि त्याला ओढून मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लागा. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा की बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेतही ९७-९८ दाखवू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि प्राणवायूचं रक्त त्याला वेगळं ओळखता येत नाही. तो आकडा पाहून रुग्णाला घरी आणू नका.