गोवा ते लिस्बन: अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

अंतर काढणं दोन मिनिटांचं काम आहे. संगणकावर गूगल मॅप्स उघडा, गोव्याच्या विमानतळावर उजवी क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि दुसरं टोक लिस्बनवर ठेवा. सुमारे 8,300 किमी येईल. गोव्यात विमानतळ दोन आहेत, पण दाबोळी धरा की मोपा, एवढ्या लांबच्या प्रवासात फरक पडत नाही. सपाट नकाशावर रेघ वाकडी दिसली तरी पृथ्वी गोल असल्यामुळे तीच सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून मोजणाऱ्यांचं ऐकू नका.

मधला थांबा याच रेघेजवळ निवडा. दुबई आणि दोहा जवळजवळ रेघेवरच आहेत, त्यामुळे जेमतेम काही किलोमीटर वाढतात. दिल्लीमार्गे गेलात तर सुमारे 900 किमी जास्त.

उडण्याचा अंदाज: अंतराला 850 ने (विमानाचा ताशी वेग, किमीमध्ये) भागा, तास मिळतील; दर उड्डाणामागे चढ-उताराचा अर्धा तास धरा. जाताना पश्चिमेकडचे वारे समोरून येतात, म्हणून आणखी थोडा जास्त.

आता खरी डोकेदुखी: तिकिटावरच्या वेळा. त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. पहाटे 4 ला निघून त्याच दिवशी दुपारी 1:30 ला पोचणार म्हणजे साडेनऊ तास, असा हिशेब करणारे ढीगभर भेटतात. मलाही हे पक्कं बसायला वेळ लागला. 'फरक मिळवायचा की वजा करायचा' हा घोळ घालूच नका. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहा, मगच वजाबाकी करा. हिवाळ्यात लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे तिथले 1:30 हे आपले संध्याकाळचे 7. प्रवास 15 तासांचा.

'साडेपाच तास' मात्र कायमचे पाठ करू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारी पोर्तुगालमध्ये घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतं. त्या मधल्या काळात फरक साडेचार तासांचाच. वरच्याच वेळा मे महिन्यातल्या तिकिटावर असतील, तर प्रवास 14 तासांचा. फरक नेहमी प्रवासाच्या तारखेचा बघा, तिकीट काढता त्या दिवसाचा नव्हे. थांब्याचं गाव मध्ये आणूच नका, पहिलं आणि शेवटचं टोक पुरे.

तारखेचीही तीच गत. 5 तारखेला 00:15 चं विमान म्हणजे 4 तारखेच्या रात्री जेवून घर सोडायचं. 5 च्या रात्री बॅगा घेऊन पोचलात, तर विमान केव्हाच गेलेलं असेल.

घरापासूनचा वेळ हवा असेल तर विमानतळावरचे तीन तास आणि रस्ता वेगळा धरा. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. काणकोणहून मोपाला जायचं म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा आहे.