छातीतल्या दडपणाला ‘गॅस’ म्हणू नका: हृदयविकाराच्या झटक्यात या चुका टाळा

नागपुरात छातीत जळजळ झाली की आदल्या रात्रीच्या सावजी रश्श्यावर खापर फुटते आणि मे महिन्यात घाम येऊन मळमळू लागले की ऊन लागले असे ठरते. हे तर्क पुष्कळदा बरोबरही असतात. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकलेली असेल, तर इनो किंवा कांद्याचा रस देऊन वाट पाहण्याच्या काळात हृदयाचा स्नायू मरत जातो. छातीच्या मध्यभागी दडपण येऊन ते पाच मिनिटांत ओसरत नसेल, जबडा, पाठ किंवा हातात कळ जात असेल, थंड घाम सुटला असेल, तर 108 ला फोन करावा. ढेकर आल्यावर बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असे मानू नये. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखता नुसती धाप लागणे किंवा अचानक गळून जाणे एवढेच दिसू शकते. घरातल्या बाईला ‘दगदग झाली, जरा पड’ असे सांगितले जाते, ही मला यातली सर्वांत चिंतेची गोष्ट वाटते.

शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेटची, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणारी, गोळी जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब आधीच उतरला असेल किंवा रुग्णाने सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) घेतले असेल, तर ती जिवावर बेतू शकते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसल्यास डॉक्टरांना फोनवर विचारून 300 मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्यावी. रुग्णाला जिने चढायला लावू नये, स्कूटरवर बसवू नये.

काटोल किंवा उमरेडकडची कुटुंबे थेट नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरतात. त्यापेक्षा जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढावा, कारण अँजिओप्लास्टी (फुग्याने बंद धमनी उघडणे) दोन तासांच्या आत होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देता येते का, हे त्यावरून ठरते. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी परतू नये. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर सुटणारे ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढायला काही तास लागतात, त्यामुळे ईसीजी आणि ट्रोपोनिन या दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.

रुग्ण बेशुद्ध होऊन श्वास थांबला किंवा नुसते आचके येऊ लागले, तर पाणी पाजू नये. छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब देत राहावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये.